बंदरावरचा मुक्काम आणि पोदेराची भट्टी

समुद्रप्रवासाची हौस आपल्या मध्यम स्थितींतील कुटुंबांना अलीकडे पुन्हां लागलेली दिसते. एक काळ असा होता कीं, कोंकणपट्टींतील माणसें आगबोटीनें जात तीं हौसेखातर नव्हे, तर दुसरा सोयीचा मार्ग नव्हता म्हणून. हातांत ट्रंक, काखेंत वळकटी आणि फडक्यांत बांधलेल्या दशम्या, अशा थाटांत रत्नागिरी, मालवण, पणजी हीं बंदरें गांठलीं जात. ती वाहतूक पुढें बंद पडली. २०१८ सालीं मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' ही प्रवासी नौका सुरू झाली, आणि २०२१ पासून त्याहून कितीतरी मोठी पर्यटन-नौका मुंबईच्या धक्क्यावरून सुटूं लागली. सायंकाळीं मुंबई सोडावी, रात्र समुद्रावर काढावी आणि दुसऱ्या दिवशीं मुरगांव बंदर गांठावें, असा हा प्रवास आहे. सहकुटुंब सहपरिवार जाणाऱ्या मंडळींना तो सोयीचाही वाटतो. कारण म्हातारीं माणसें आणि मुलें यांना घेऊन गाड्या बदलण्याची यातायात त्यांत नाहीं.

या नौकेवर अन्नाला तोटा नसतो. सकाळचा फराळ, दुपारचें जेवण, चहाच्या वेळचें खाणें, रात्रीचें भोजन अशी परंपरा अखंड चालूं असते. शाकाहारी मंडळींची वेगळी व्यवस्था असते. आणि मुख्य म्हणजे बहुतेक खाण्याचें मोल तिकिटांतच आगाऊ दिलेलें असतें. त्यामुळें बोट धक्क्याला लागली म्हणजे एक मौजेचा प्रकार पाहावयास मिळतो. कांहीं मंडळी 'जेवणाचे पैसे तर दिलेलेच आहेत' असें म्हणून बोटीवरच राहतात. कांहीं मंडळी भाड्याची मोटार करून एखादा समुद्रकिनारा गांठतात, तेथें छायाचित्रें काढतात, काजूच्या पिशव्या घेतात आणि भोजनाच्या वेळेला पुन्हां बोटीवर हजर होतात. ज्या समुद्रावरून आलों तोच समुद्र दुसऱ्या बाजूनें पाहून यायचें आणि गांवच्या अन्नाचा एक घासही पोटांत जाऊं द्यायचा नाहीं, याला गोवा पाहणें म्हणावें काय?

माझें मत असें आहे कीं, बंदरांत चार-सहा तास मिळाले असतां माणसानें त्या गांवचें रोजचें अन्न शोधावें. देवळें, चर्च, किल्ले हीं अवश्य पाहण्यासारखीं आहेत. पण त्यांचे पाहुण्यांस दाखविण्याचे कपडे ठरलेले असतात. गांवचें घरगुती रूप दिसतें तें सकाळच्या भट्टीवर आणि दुपारच्या खाणावळींत. तेथें येणारा मनुष्य आपल्यासाठीं आलेला नसतो. तो रोज येतो, रोजचेंच मागतो आणि रोजच्याच दरानें घेतो. अशा ठिकाणीं अर्धा तास बसलें तरी त्या गांवाची बोली, त्याची घाई, त्याची मिळकत आणि त्याचे शिष्टाचार या सर्वांची कांहीं कल्पना येते.

आतां शोधावें कसें तें सांगतों. गोव्यांत पाव भाजणाऱ्यास 'पोदेर' म्हणतात. पोर्तुगीज भाषेंतील 'पादेइरो' या शब्दाचें हें कोंकणी रूप होय. पोदेराची भट्टी शोधण्यास नकाशाची फारशी गरज नाहीं. घड्याळाची मात्र आहे. पोदेराचें काम उत्तररात्रीं सुरू होतें आणि पहिला घाणा उजाडण्याच्या सुमारास बाहेर पडतो. मग वेताच्या वा बांबूच्या मोठ्या टोपलींत तो पाव भरून, वर जाड कापड किंवा प्लॅस्टिक घालून, टोपली सायकलीवर बांधून पोदेर गांवांत निघतो. रबरी भोंग्याचा 'पों पों' असा आवाज आला कीं घरोघरच्या पायऱ्यांवर माणसें उभीं राहतात. सायकली येण्यापूर्वीं पोदेर पायीं हिंडे. त्याच्या हातांत घुंगुरवाळी काठी असे, आणि ती जमिनीवर आपटून तो आपली वर्दी देई. सकाळचा हा व्यवहार सात-आठच्या सुमारास आटोपतो. दुसरा घाणा दुपारीं निघतो आणि तीन-चार वाजल्यापासून दिवेलागणीपर्यंत पुन्हां भोंगा ऐकूं येतो.

नौकेचें वेळापत्रक दर फेरीस सारखें नसतें, म्हणून बेत त्याप्रमाणें करावा. बोट सकाळीं लवकर लागली तर बंदरापासून तीन-चार किलोमीटरांवरील वास्को शहरांत जाऊन थेट भट्टीच गांठावी. उशिरां लागली तर भट्टीचा नाद दुपारपर्यंत सोडावा आणि सकाळचा उरलेला वेळ भाजी-पावाच्या उपाहारगृहाला द्यावा. ज्यांच्या हातांत सबंध दिवस आहे, त्यांना सुमारें ३० किलोमीटरांवरील पणजी किंवा जवळ जवळ तितकेंच दूर असलेलें मडगांव गांठतां येईल. वास्को-मडगांव लोहमार्गावर माजोर्डा नांवाचें लहानसें स्टेशन लागतें. जेझुइट पाद्र्यांनीं सासष्टी प्रांतांतल्या लोकांना पाव भाजण्याची विद्या प्रथम शिकविली ती याच गांवीं, असें परंपरेनें मानलें जातें. भट्टी कोठें आहे हें मोठ्या दुकानदारास विचारूं नये. शाळेला निघालेल्या मुलास किंवा पिशवी घेऊन निघालेल्या एखाद्या बाईस विचारावें. "पोदेर खंय रावता?" एवढी कोंकणी पुरे होते.

पावाचे प्रकार ठाऊक असले म्हणजे मागतां येतें. आपण ज्याला नुसता पाव म्हणतों, तो चौकोनी, एकमेकांस चिकटलेला, मऊ. 'उंडो' गोल आणि कडक पाठीचा. 'कातऱ्याचो पाव' कणकेस कातरीनें कापे देऊन केलेला, म्हणून दिसावयास फुलपांखरासारखा. 'कांकण' म्हणजे बांगडीच्या आकाराचें खुसखुशीत कडें; तें चहांत बुडवून खातात आणि तें पुष्कळ दिवस टिकतें. या सर्वांत आपल्या घरच्या माणसांना पटकन आवडेल ती 'पोई'. ती चपटी, आंतून पोकळ आणि बाहेरून कोंड्यानें माखलेली असते. गेल्या पौषांत आमच्या कुटुंबांतील अकरा माणसें या प्रवासास गेलीं होतीं. वास्कोच्या एका आडगल्लींत गरम पोई हातांत आल्यावर आमच्या ब्याऐंशी वर्षांच्या वहिनींनीं ती मोडली, वास घेतला आणि म्हणाल्या, "भाऊजी, ही तर आपली कोंड्याची भाकरीच कीं! उगीच हिला पाव म्हणून घाबरत होतों."

शाकाहारी घरांतून एक प्रश्न हटकून विचारला जातो, त्याचें उत्तर येथेंच देतों. पोई, उंडो आणि साधा पाव यांचे मूळ घटक म्हणजे पीठ, पाणी, मीठ आणि पीठ फुगविणारें आंबवण. अंड्याचें काम त्यांत नाहीं. केक आणि गोड बिस्किटें यांची गोष्ट निराळी, तीं विचारूनच घ्यावीं. पूर्वीं हें आंबवण म्हणजे माडाची सूर असे. युरोपांतलें आंबवण येथें मिळेना, तेव्हां पोर्तुगीजांनीं या भूमींतल्या माडाकडे धाव घेतली, आणि त्यामुळें गोव्याच्या पावाला जी किंचित आंबटगोड चव आली ती लिस्बनच्या पावालाही नव्हती. आतां सूर काढणारे कमी झाले. बहुतेक भट्ट्यांवर बाजारचें यीस्ट वापरतात. ज्यांना सुरेच्या नांवाचाही विटाळ वाटतो त्यांनीं हें ऐकून निश्चिंत व्हावें. आणि ज्यांना चवीची पारख आहे त्यांनीं थोडें हळहळावें.

वहिनींनीं बोलून दाखविलेली ती 'पावाची भीती' मात्र विनोदावारी नेण्यासारखी नाहीं. आमच्या लहानपणींही कित्येक घरांत पाव येई तो दुखणेकऱ्यासाठीं, आणि तोही डॉक्टरांच्या सांगण्यावरून. तो स्वयंपाकघरांत जात नसे. ओसरीवरच दुधांत बुडवून दिला जाई. त्यापूर्वींच्या पिढ्यांत तर पाव खाणें आणि धर्म सोडणें यांत फरकच मानीत नसत. मुंबईंत १८४९ सालीं दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनीं परमहंस सभा स्थापन केली, तेव्हां नव्या सभासदाची परीक्षा म्हणून त्याला ख्रिस्ती माणसानें भाजलेला पाव खावा लागे. पुढें १८६० च्या सुमारास सभासदांच्या नांवांची वही चोरीस गेली आणि नांवें उघडकीस येण्याच्या भीतीनें ती सभा मोडली. पुण्यांत ऑक्टोबर १८९० मध्यें पंचहौद मिशनमध्यें चहा-बिस्किटें पुढें आलीं, तर त्यांतून केवढा वाद पेटला आणि रानडे-टिळकांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रकरणांतून जावें लागलें, हें सर्वश्रुत आहे.

या भीतीच्या मुळाशीं खरें दुःख होतें, हें विसरूं नये. मुरगांव बंदर जेथें आहे त्याच परिसरांतील कुठ्ठाळी हें श्रीमंगेशाचें आणि केळशी हें श्रीशांतादुर्गेचें मूळ स्थान. सोळाव्या शतकांत पोर्तुगीज सत्तेनें या भागांतील देवळें पाडलीं, तेव्हां भाविकांनीं आपले देव रातोरात नदीपलीकडे अंत्रूज महालांत नेले. आजचें मंगेशी आणि कवळें हीं त्यांचीं नवीं घरें. आज कुठ्ठाळीजवळच्या पुलावरून मोटार पांच मिनिटांत जुवारी ओलांडते. त्या काळीं देव डोक्यावर घेऊन ती नदी ओलांडणाऱ्यांना पावाची शिसारी आली असेल तर त्यांना हंसण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

परंतु त्याच काळाची दुसरी एक आख्यायिका वसईपासून गोव्यापर्यंत सांगतात. पाद्र्यांनीं गांवच्या विहिरींत पावाचा तुकडा टाकला. सकाळीं बायका-पोरांनीं न कळत तें पाणी प्यालें. आणि गांवानें त्यांना बाटलेलीं ठरविलें. तीं रडत परत आलीं तरी दारें उघडलीं नाहींत. ही गोष्ट अक्षरशः किती खरी हा वाद बाजूला ठेवूं. ती पिढ्यान्‌पिढ्या आपणच सांगत आलों, एवढें पुरे आहे. ती नीट ऐकली तर तिच्यांत दोन अपराध दिसतात. तुकडा टाकणाराचा अपराध आपण मोठ्यानें सांगतों. दार न उघडणाराचा अपराध कोणाचा, हें सांगतांना आपला आवाज खालीं येतो. आज भल्या पहाटे सायकलीवर पाव घेऊन निघणाऱ्या पोदेरांत अशाच एखाद्या बंद दारापासून परतलेल्या घराण्याचा वंशज नसेलच असें कोण म्हणेल?

आणि यांतील गंमत पाहा. ज्या युरोपीय दर्यावर्दींनीं पाव आणला, त्यांच्याच गलबतांतून अमेरिका खंडांतल्या किती वस्तू आपल्या फडताळांत येऊन बसल्या! बटाटा, मिरची, भुईमूग हे सारे तिकडचे. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंदही तिकडचाच. म्हणजे एकादशीला सोंवळ्यानें केलेल्या खिचडींतले साबुदाणा, दाण्याचें कूट, बटाटा आणि हिरवी मिरची हे चारही परदेशस्थ. तूप, जिरें आणि मीठ तेवढें घरचें. शब्दांचेंही तसेंच. पाव, बटाटा, कोबी, परात, बादली, चावी, पगार हे शब्द पोर्तुगीजांपासून आपल्या भाषेंत आले, आणि बादली-परात यांनीं तर थेट स्वयंपाकघर गांठलें. एकटा पाव तेवढा ओसरीवर थांबला. कारण उघड आहे. बटाटा आपण आपल्या हातानें शिजवीत होतों. पाव दुसऱ्यानें भाजलेला होता. म्हणजे आक्षेप पदार्थाला नव्हता, हाताला होता.

आपण जें रोज म्हणतों त्याचा अर्थ कधीं मनांत घेतों काय? रुद्राच्या आवर्तनानंतर आपण चमक म्हणतों. त्यांत देवापाशीं ज्या असंख्य वस्तू मागितल्या आहेत, त्यांत 'सग्धि' आणि 'सपीति' हीं दोन मागणीं आहेत. सग्धि म्हणजे एकत्र खाणें आणि सपीति म्हणजे एकत्र पिणें. पाव या अर्थाच्या लॅटिन 'पानिस' शब्दापासून पोर्तुगीजांत 'कोंपान्येइरो' हा सोबती या अर्थाचा शब्द आला आहे. एका पावाचे वांटेकरी ते सोबती, असा त्याचा भाव. वेदानें जी गोष्ट मागावयास शिकविली ती पहाटे म्हणावी आणि दिवसां ती घडली तर प्रायश्चित्त घ्यावें, हा आमच्या पूर्वजांच्या व्यवहारांतला विसंवाद होता. तो आतां पुष्कळ अंशीं संपला आहे. पण संपला तो विचारानें संपला कीं नुसत्या शहरी संवयीनें, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं पाहावें.

भट्टीच्या आंत डोकावण्याची परवानगी सहसा कोणी नाकारीत नाहीं. जांभ्या दगडाची आणि मातीची घुमटाकार रचना. आंत लांकडें जाळून घुमट तापवावयाचा, निखारे बाजूला ओढावयाचे, तळ झाडून घ्यावयाचा, आणि मग लांब दांड्याच्या फळीवरून कणकेचे गोळे आंत सरकवावयाचे. पाव भाजतो तो ज्वाळेवर नव्हे, दगडांत सांठलेल्या उष्णतेवर. या भट्टीला गोव्यांत 'फोर्न' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज 'फोर्नो' आणि त्यामागील लॅटिन 'फुर्नुस' यांपासून आला. आणि भाषाशास्त्रज्ञ सांगतात कीं, ज्या मूळ धातूपासून 'फुर्नुस' निघाला त्याच धातूपासून आपला संस्कृत 'घर्म' शब्द निघाला. घर्म म्हणजे उष्णता. प्रवर्ग्य विधींत तापविलेल्या दुधाच्या पात्रालाही घर्मच म्हणतात. त्याच घर्माचा मराठींत 'घाम' झाला. तेव्हां फोर्न आणि घाम हे शब्द एकाच कुळांतले. पहाटे चार वाजतां भट्टीच्या तोंडाशीं उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलें म्हणजे ही व्युत्पत्ति कोशांत शोधावी लागत नाहीं.

आम्ही ज्या भट्टीवर गेलों होतों तेथील वृद्ध पोदेराला मीं विचारलें, "बाबा, तुमच्यामागून हें कोण चालविणार?" त्यानें हातांतली फळी भिंतीस टेकविली आणि म्हटलें, "पूत बोटीर आसा. थंय पगार बरो." मुलगा बोटीवर आहे, तिकडे पगार चांगला आहे. अधिक चौकशी करतां कळलें कीं, मुलगा अशाच एका मोठ्या प्रवासी नौकेच्या भटारखान्यांत पाव भाजण्याच्या कामावर आहे. गोव्यांतून दर्यावर कामाला जाणारांची परंपरा जुनी आहे. त्यांना 'तारवटी' म्हणतात, आणि त्यांच्या मिळकतीवर गोव्यांत कित्येक घरें उभीं राहिलीं. मुलाच्या उत्कर्षाचा त्या म्हाताऱ्याला अभिमान होता, आणि तो असावयासच पाहिजे. पण मला त्या क्षणीं एक गोष्ट स्पष्ट दिसली. नौकेनें आधीं भट्टीवरचा मुलगा नेला, आणि आतां पोटभर खाऊ घालून गिऱ्हाईकही भट्टीपर्यंत येऊं देत नाहीं.

त्यांत कोणाचा दुष्टावा आहे असें नव्हे. रात्रीं जागून, धूर खाऊन, सुटीचा दिवस न घेतां करावयाचें हें काम तरुणांना नकोसें वाटतें. पीठ आणि लांकूड महागतात, पण पावाचा दर एक रुपयानें वाढला तरी गांवांत ओरड होते. कारण पाव हें गरिबाचें अन्न आहे. पुष्कळ जुन्या भट्ट्या आतां परप्रांतांतून आलेले कारागीर भाड्यानें चालवितात. त्यांच्यामुळेंच भोंगा अद्याप वाजतो, हें त्यांचे उपकारच आहेत. तरी भट्ट्या बंद पडत आहेत, हें गोव्यांत कोणालाही विचारलें तरी सांगेल. ज्या विद्येनें सूर आणि गहूं, युरोप आणि कोंकण यांचा मेळ घातला, ती विद्या पुस्तकांत लिहून टिकत नाहीं. रोज सकाळीं कोणी तरी पीठ मळावें आणि रोज सकाळीं कोणी तरी तें विकत घ्यावें, एवढाच तिच्या टिकण्याचा उपाय आहे.

भट्टीनंतर उपाहारगृह. गोव्यांत सकाळच्या खाण्याला 'भाजी-पाव' हा शब्द आहे. मुंबईची लोण्यांत परतलेली पावभाजी ती ही नव्हे. येथें पातळ भाजी आणि सुकी भाजी असे मुख्य दोन प्रकार; पातळ भाजी वाटाण्यासारख्या कडधान्याची, नारळाच्या वाटपाची; सुकी बटाट्याची, आपल्या पुरीबरोबरच्या भाजीसारखी. दोन्ही एकत्र मागितल्या तर 'मिक्स' म्हणावयाचें. बरोबर पाव, पुरी किंवा केळें घालून केलेला गोडसर 'बन', आणि वर मिरचीचें भजें. पणजींतील कॅफे भोंसले आणि कॅफे टाटो हीं या खाण्यासाठीं नांवाजलेलीं स्थळें. नांवांत 'कॅफे' हा युरोपीय शब्द, मालकी हिंदु आणि बशींत नारळाच्या रसांतली उसळ. गोव्याचा चारशें-पांचशें वर्षांचा इतिहास या एका पाटीवर वाचतां येतो. मात्र गर्दी सकाळचीच असते. उशिरां गेल्यास पातळ भाजी संपलेली असते आणि त्याबद्दल रागावण्यांत अर्थ नसतो. जेवढें संपतें तेवढेंच करणें हा अशा घरांचा प्रामाणिकपणा आहे.

दुपारीं खाणावळींत जावयाचें तर शाकाहारी मंडळींनीं एक शब्द पाठ करावा : 'शिवराक'. शिवराक म्हणजे निरामिष. गोव्याच्या जेवणांत मासळी मुख्य असल्यामुळें हा शब्द आधींच उच्चारावा. मग भात, नारळाच्या वाटपाचें तोंडाक, एखादी सुकी भाजी, सोलांची कढी असें साधें आणि पोटास हलकें जेवण मिळतें. सणासुदीचे दिवस असले आणि नशीब असलें तर 'खतखतें' मिळेल. अनेक भाज्या, तूरडाळ, नारळ आणि तिरफळें यांचा तो मेळ विसरतां येत नाहीं. चांगली खाणावळ ओळखण्याची खूण सोपी आहे. जेथें टेबलावर कचेरींतले कारकून, टॅक्सीचे चालक आणि एखादे एकटे राहणारे वृद्ध गृहस्थ शेजारीं शेजारीं बसलेले असतील, आणि वाढपी त्यांना न विचारतां वाढीत असेल, तेथें निःशंक बसावें. जेथें दारावर उभा राहून कोणी आपणांस बोलावीत असेल, तेथें जाण्याची घाई करूं नये.

पथ्याच्या चार गोष्टी सांगून संपवितों. बोटीवर परतण्याची जी वेळ दिली असेल तिच्या आधीं निदान एक तास धक्क्यावर असावें; बोट कोणाच्या भाजीसाठीं थांबत नाहीं. त्या सकाळीं बोटीवरचा फराळ मोजकाच करावा, म्हणजे गांवच्या अन्नाला पोटांत जागा राहील. भट्टीवर सुट्टे पैसे न्यावे, घासाघीस करूं नये, आणि छायाचित्र काढावयाचें तर आधीं विकत घ्यावें, मग विचारावें, मग काढावें. काम करणाऱ्या माणसाला आपण तमाशा करूं नये. आणि मुलांना बरोबर न्यावें. शाळेंत इतिहासाच्या पुस्तकांत १५१० आणि १९६१ हीं दोन सालें त्यांनीं पाठ केलेलीं असतात. त्या दोन सालांच्या मधलीं साडेचारशें वर्षें त्यांना गरम पोईच्या वाफेंत अधिक चांगलीं समजतील.

जातांना घरच्यासाठीं काय आणावें, असेंही पुष्कळ विचारतात. काजू कोठेंही मिळतात. त्यांऐवजीं कांकणांची एक माळ आणावी. तीं आठ-पंधरा दिवस सहज टिकतात. संध्याकाळीं चहाच्या वेळीं घरांतल्या सर्वांनीं एका पंक्तीस बसून तीं बुडवून खावीं, आणि लहानांनीं विचारलें कीं हें कोणी केलें, तर तें करणाराची हकीकत त्यांना सांगावी : तो केव्हां उठतो, काय जाळतो, त्याचा मुलगा कोठें आहे, आणि कोणे एके काळीं त्याच्या हातचें खाण्याला आपण कां भीत होतों. पाव स्वयंपाकघरांत आला, एवढ्यानें ही गोष्ट पुरी होत नाहीं. ती घरांत सांगितली गेली पाहिजे.